दुपारनंतर न हसणारे सर

सरांना रोज बर्फ लागायचा. आणि तोही कुठल्या साली? ज्या साली लातुरात पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशी दिसला की बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून घागरी घेऊन पळत सुटायच्या, त्या साली. हा माणूस कॉलेज सुटलं की सोड्याच्या दुकानातून भुश्शात ठेवलेला बर्फाचा खडा विकत घ्यायचा, घरी येऊन खाटेवर बसायचा आणि खडा रुमालात गुंडाळून डोळ्यांवर धरायचा. आधी उजव्या, मग डाव्या. पाणी गालावरून गळ्यात, गळ्यातून शर्टात. माझी आई दाराच्या फटीतून बघायची आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगायची, "बघ गं बाई. माणसाला प्यायला थेंब न्हाई अन् ह्यो मास्तर डोळ्याला पाजून राहिलाय."

आम्ही मायलेकी मुखेडच्या. वडील गेले आणि मला लातूरच्या एका खासगी कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, म्हणून बोचकी बांधून इकडं आलो. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शेजारच्या खोलीत हे सर. आमच्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, चाळिशीच्या आसपासचे, एकटे. मी जन्माची भित्री. दूध उतू जाईल, एस.टी. चुकेल, टँकर येणार नाही, नोकरी जाईल. माझ्या भीती रांगेत उभ्या असतात, एक सरली की मागची पुढं येते. त्यात शेजार असा मिळालेला. पहिल्या आठवड्यातच आईनं आमच्या दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली.

कारण गावात बोललंच जायचं तसं. सकाळी पाहावं तर सर ताठ, आवाज खणखणीत, प्रार्थनेच्या आधी कॉलेजात हजर. दुपार कलली की त्यांच्या पापण्या खाली यायच्या, अर्ध्या डोळ्यापर्यंत. जीभ जड व्हायची. बोलणं नाकातून यायला लागायचं. संध्याकाळी तर हनुवटीला तळहाताचा टेकू दिल्याशिवाय त्यांचं डोकंच वर राहायचं नाही. मग काय म्हणतील लोक? सोड्याच्या दुकानदाराला विचारलं तर तो डोळा मारून सांगायचा, "बर्फ माझ्याकडून नेतेत. बाकीचं कुठून आणतेत, ते आपल्याला काय म्हाईत."

आणि हसायचे नाहीत. म्हणजे सकाळी हसायचे, चांगले खो खो हसायचे. दुपारनंतर नाही. एकदा मधल्या सुट्टीनंतर मी शिपायाची काहीतरी गंमत सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बाई, दुपारनंतर मला हसवू नका." मला वाटलं, काय हा आखडू माणूस. एकदा मात्र चुकून हसले ते मी पाहिलं. ओठ वर गेलेच नाहीत, नुसते दात दिसले, कुत्रं गुरगुरावं तसे. मी घाबरून पाणी प्यायला गेले.

त्यांचं सगळंच मोजूनमापून. जिना दिवसातून एकदाच चढायचे आणि मग वरचं सगळं काम उरकूनच खाली यायचे. सकाळी उठल्यावर अंगणात उभं राहून आभाळाकडं टक लावून बघायचे. पाऊस बघून राहिलेत वाटतं, असं आई म्हणायची, पण नजर पापण्या मिटेपर्यंत हटायची नाही. जेवायचं ते सकाळी, पोटभर. संध्याकाळी भाकरी आमटीत कुस्करून, पार लगदा करून. सर मूळचे उदगीरकडचे, त्यामुळं कंटाळले की कानडीत 'साकु' म्हणायचे, म्हणजे पुरे. वर्गात गोंगाट वाढला, साकु. कुणी लांबण लावली, साकु. मी एकदा विचारलं, "सर, मराठीत म्हणा की." म्हणाले, "एवढ्या थोड्या श्वासात भागणारा शब्द मराठीत दाखवा, म्हणतो." मला तेव्हा हाही त्यांचा आखडूपणाच वाटला.

पण शिकवणं! शिकवणं असं की माझी पोरं माझ्या तासाला बसून त्यांच्या तासाकडं कान लावायची. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

त्या साली प्रात्यक्षिकाला बेडूक मिळेनात. दरवर्षी तळ्याकाठचा एक माणूस पोत्यात भरून बेडूक आणून द्यायचा. बेडकाच्या पायाचा स्नायू काढायचा, त्याला विजेचा झटका द्यायचा, तो कसा आखडतो ते पोरांनी बघायचं, अशी रीत. त्या साली तो माणूस रिकामं पोतं दाखवायला आला. "तळंच न्हाई तर बेडकं कुठून आनू, सर?" बाकीच्या कॉलेजांनी प्रयोग रद्द केला. सरांनी वर्ग मैदानात काढला, सकाळी सातला, आणि पोरांचाच स्नायू केला.

मी व्हरांड्यातून बघत होते. आधी म्हणाले, "स्नायू म्हणजे सोल समजा, विहिरीवरचा जाड दोर. सोल उलगडा, आत पेड. पेड उलगडा, आत धागे. धागा उलगडा, आत त्याहून बारीक धागे. आता सगळ्यात आतल्या धाग्यापाशी आलो. तो तुम्ही." मैदानात दोन बाकं समोरासमोर, लांब लांब ठेवली. प्रत्येक बाकाला एक दोर बांधला आणि दोन्ही दोरांची मोकळी टोकं मधे आणली. मधे धटिंगण पोरांची रांग उभी केली. पोरं म्हणजे जाड धागा, त्यांचे हात म्हणजे जाड धाग्याला फुटलेली डोकी. दोर म्हणजे पातळ धागे. "ओढा." पोरांनी हातावर हात टाकत दोर ओढले. दोन्ही बाकं धूळ उडवत मधे सरकली.

"दोर आखूड झाला का?"

"न्हाई, सर."

"तुम्ही आखूड झाला का?"

"न्हाई, सर!"

"मग आखूड काय झालं? बाकांमधली जागा. स्नायू असाच आखडतो. धागे आहेत तेवढेच राहतात, एकमेकांत सरकतात."

मग म्हणाले, असं उगाच ओढत बसलात तर माणूस लाकूड होईल. म्हणून दोरावर पांघरूण हवं. त्यांनी मुलींना ओढण्या दोरावर पसरून धरायला लावल्या. आता पोरांना दोर पकडता येईना. ओढण्या बाजूला कधी होणार? कॅल्शियम आल्यावर. कॅल्शियम म्हणून त्यांनी आमच्या शिपायाला उभं केलं, कारण त्याच्या खिशात तंबाखूला लागणाऱ्या चुन्याची डबी होती. "चुना म्हणजे कॅल्शियमच की, शिपाईबुवा." तो बिचारा लाजून चूर. तो एका खोक्यामागं दडून बसायचा, ती धाग्याच्या आतली पिशवी. त्याला बाहेर काढायला निरोप हवा. निरोप आणणारा पोरगा मज्जातंतू. तो पळत यायचा, पण मैदानातल्या कोरड्या चारीपाशी, पाणी वाहून जायच्या चरापाशी, थांबायचा. "मज्जातंतू स्नायूला शिवत नाही," सर म्हणाले, "मधे फट असते. फटीपलीकडं खडे टाक." त्यानं खडे टाकले. पलीकडच्या पोरानं ते ओंजळीत झेलले आणि टाळ्या वाजवत सगळ्या रांगेशेजारून पळाला. ती विजेची लाट. लाट खोक्यापाशी गेली, खोकं सरकलं, चुना बाहेर आला, मुलींनी ओढण्या सरकवल्या, पोरांनी दोर धरला. बाकं एकमेकांवर आदळली आणि सगळं मैदान ओरडलं.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले. खिशातून शेंगदाणे काढले. "हात सोडायचा तर आधी शेंगदाणा खायचा. शेंगदाणा नाही तर पकड सुटणार नाही." शेंगदाणे संपले आणि पोरं दोर घट्ट धरून उन्हात उभी राहिली. "हे काय झालं?" कुणाला सांगता येईना. "मेल्यावर अंग ताठतं ना, ते हे. धरायला ताकद लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. सोडायलाही लागते." आणि शेवटी एका मुलीच्या हातात झाडू दिला, चारीतले खडे झाडायला. "ही झाडूवाली नसेल तर निरोप संपणारच नाही, स्नायू थकून पडेल." सरांचं ते मैदानातलं तोंड मला अजून दिसतं. घामानं भिजलेलं, डोळे टक्क उघडे, खुशीत.

आठवड्याभरात तक्रार गेली. मुलींच्या ओढण्या दोरावर टाकून पोरांना ओढायला लावतात. आणि वर, मास्तर दारू पितो.

खरं काय ते मला त्याच्या थोडंच आधी कळलं होतं. एका संध्याकाळी त्यांच्या खोलीतून ठसक्याचा आवाज आला, थांबेचना. आईनं कडी काढू दिली नसती, पण मी काढली. सर खाटेवर वाकलेले, पाणी नाकातून बाहेर येत होतं, एका हातानं स्वतःचा जबडा खालून वर दाबून धरलेला. मी पाठीवर थापट्या मारल्या आणि मुद्दाम वास घेतला. दारूचा वास नव्हता. आमटीचा होता.

बऱ्याच वेळानं ते बोलले, जबडा हातानं चालवत. "बाई, तुम्ही केमिस्ट्रीच्या. तुम्हाला लौकर समजेल. तंतू ठीक आहे. स्नायू ठीक आहे. मधल्या फटीत गडबड आहे." निरोपाचं रसायन नेहमीसारखं सुटतं, पण ते झेलायच्या ज्या खोबणी असतात, त्या त्यांचं स्वतःचंच रक्त बुजवून टाकतं. दोनचारदा निरोप पोचतो, मग पोचत नाही. झोप झाली की पुन्हा थोडा पोचतो. पापण्या, जबडा, घसा, मान, हे आधी थकतात. उन्हानं वाढतं, गारव्यानं जरा उतरतं, म्हणून बर्फ. आणि सकाळचं ते आभाळाकडं बघणं म्हणजे पापणी आज किती टिकते याची मोजणी. उशीखालची गोळ्यांची बाटली त्यांनी दाखवली. गोळी झाडूवालीला थोपवते, म्हणजे आहे तो निरोप फटीत जास्त वेळ टिकतो. हैदराबादच्या डॉक्टरांनी दिलेली.

"आणि वाढलं तर?" मी विचारलं. मला नेहमी शेवटचंच आधी विचारायची खोड.

"श्वासही स्नायूच घेतात, बाई."

"मग सांगत का नाही कुणाला? लोक काय काय बोलून राहिलेत!"

"नांदेडला सांगितलं होतं," ते म्हणाले. तिथल्या एका कॉलेजात ते होते. खरं सांगितलं, आणि सगळे इतके चांगले वागले की विचारू नका. विश्रांती घ्या म्हणाले. शाल दिली, नारळ दिला, गळ्यात हार घातला आणि घरी पाठवलं. "पिणारा मास्तर असला तर लोक त्याला सुधरवायला बघतात. बिमार मास्तर असला तर घरी बसवतात. मला वर्ग पाहिजे, बाई. दुसरं काही नाही माझ्याजवळ. तुम्ही कुणाला बोलायचं नाही."

मी कबूल केलं. तेव्हापासून माझी रात्रीची झोप गेली. भिंतीपलीकडून खोकला आला तरी उठून बसायचे, आणि नाही आला तरी उठून बसायचे. आईला मी फक्त एवढंच सांगितलं की मास्तर पीत नाहीत. ती म्हणाली, "मंग लईच वाईट. न पिता असं दिसतंय म्हंजे काय समजायचं?" पण दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या भाताची पेज वाटीभर बाजूला काढायला लागली आणि कडीचं नाव काढेनाशी झाली.

कॉलेजचे अध्यक्ष अडत व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, सचोटीचा आणि तापट माणूस. दारूचा त्यांना भयंकर तिटकारा. बैठक लावली ती दुपारी चारची. मी शिक्षकांतर्फे कोपऱ्यात बसलेली, पदर पिळत. ओढण्यांचं प्रकरण त्यांनी हसण्यावारी नेलं, पण सरांच्या पापण्या बघून त्यांचा पारा चढला. "मास्तर, खरं बोला. पिता का न्हाई?"

मला वाटलं, आता सांगतील. सरांनी हनुवटीखालचा हात काढला, मान कशीबशी सावरली आणि म्हणाले, "चुकलं, अप्पा."

एवढंच. चुकलं, अप्पा. अध्यक्ष एकदम निवळले. असा कबूल करणारा माणूस त्यांना आवडायचा. तिथल्या तिथं शिपायाला पिटाळून बेल आणवला, सरांच्या कपाळाला विभूती लावली, पान हातात दिलं. "म्हणा, दारूला हात लावणार न्हाई." सर म्हणाले, "दारूला हात लावणार नाही." अध्यक्षांनी त्यांना चक्क मिठी मारली. मी बाहेर येऊन भांडले, "अहो, आता काय करून बसलात! उद्या संध्याकाळी पापणी उतरली की लोक म्हणणार, शपथ मोडली. मग?" ते चालायलाच लागले. म्हणाले, "साकु, बाई."

आणि त्यातच जिल्हा झाला. इतकी वर्षं कागदावर एक शिक्का मारून घ्यायचा तरी उस्मानाबादची गाडी धरावी लागायची. आता लातूरच जिल्हा. पाण्याचा पत्ता नव्हता, पण कमानी उभ्या राहिल्या, पाणी नसलेल्या गावात रस्त्यांवर पाणी शिंपडलं गेलं. आमच्या कॉलेजनं पटांगणात मांडव घालून समारंभ ठेवला. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम अध्यक्षांनी कुणाला द्यावं? सरांना. "आमचा मास्तर सुधरला, हे गावाला दिसू द्या." वेळ संध्याकाळी साडेपाच. सर नाही म्हणू शकत नव्हते.

मी त्यांना म्हटलं, ताप आल्याचं सांगा, गावाला जायचंय म्हणा, पाय मुरगळला म्हणा. ते म्हणाले, गोळी जरा जास्त घेईन, तेवढा तास निघून जाईल. "जास्त म्हणजे किती?" "बघू." बघू म्हणे! मी केमिस्ट्री शिकवणारी बाई. झाडूवाली फारच थोपवली तर निरोप साचून काय होतं, हे मला त्यांच्याच तोंडून कळलेलं.

समारंभ उशिरा सुरू झाला, पाहुणे यायचेच होते. सर खुर्चीत बसलेले. मी पहिल्या रांगेत. तेवढ्या वेळात त्यांनी खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलेलं मी पाहिलं, एकदा, आणि पुन्हा एकदा. पाहुणे आले. सर उठले, माईकपाशी गेले, पहिलं वाक्य नीट आलं. दुसऱ्याला तोंडातून लाळ सुटली. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घामाच्या धारा. गालाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरायला लागलं. तोंड उघडं, शब्द नाही. मान छातीवर पडली आणि सर माईकला धरत धरत खाली बसले.

मांडवात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "आज जिल्ह्याच्या नावानं घेतली, मास्तर!" अध्यक्षांचा चेहरा काळाठिक्कर. "बेल हातात घेऊन शपथ घेतली होती यानं," एवढंच ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. दोन कार्यकर्त्यांनी सरांना काखेत धरून उचललं, मांडवामागं नेलं आणि सतरंजीवर निजवलं. मी धावत गेले. "सरका." तर ते म्हणतात, "बाई, तुमी जावा. झोपू द्या, आपोआप उतरंल."

उतरेल! सर उताणे पडलेले, डोळे मिटलेले, ओठ निळसर व्हायला लागलेले. छाती हलत नव्हती, नुसतं पोट थोडं थोडं वर व्हायचं, तेही थांबत थांबत. मला ठाऊक होतं की त्यांना सगळं ऐकू येतंय. तो हशा, ते बोलणं, सगळं. आणि मी शब्द दिलेला होता. मला त्यांचा वर्ग दिसत होता आणि त्यांचे ओठ दिसत होते. मी सतरंजीवरून उठले आणि मांडवात शिरून, आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, "सर प्यालेले नाहीत! त्यांचा श्वास बंद पडतोय! औषध जास्त झालंय, दवाखान्यात न्या!"

अध्यक्ष ताडकन उठले. मग धोतराचा सोगा सावरत म्हाताऱ्यानं स्वतः पळत जाऊन जीप काढायला लावली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाहुल्यांत बॅटरी मारली, घाम आणि लाळ पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "फवारणीचं औषध प्यायलेत का?" शेतावरची तशी माणसं त्यांच्याकडं नेहमी यायची. मी सरांच्या खिशातली गोळ्यांची बाटली पुढं केली आणि एका दमात सगळं सांगितलं. "बरोबर, गत तीच," ते म्हणाले, "हे गोळ्यांनी, ते फवाऱ्यानं." सुई टोचली, नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला लागले. यंत्र कुठलं तेव्हा. सकाळपर्यंत आमच्या बारावीच्या पोरांनी आळीपाळीनं ती पिशवी दाबली. मी बाहेर बाकावर बसून रडत होते आणि आई माझ्या मांडीवर थोपटत होती.

सर वाचले. आवाज यायला बरेच दिवस गेले. अध्यक्ष भेटायला आले ते हात जोडूनच. "मास्तर, असं का केलं? बेल उचलून खोटं बोलला तुमी?"

सर अडखळत म्हणाले, "खोटं कुठं, अप्पा. हात लावणार नाही म्हटलं. लावला नाही."

अध्यक्षांनी उपरण्यानं डोळे पुसले. आणि मग जे ठरवलं ते फार चांगलं ठरवलं. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं. नोकरी कायम. पगार पूर्ण. वर्ग मात्र बंद. प्रयोगशाळेत आरामखुर्ची टाकून द्यायची, पंखा लावून द्यायचा. "तुमी नुसतं बसायचं. बोलायचं काम न्हाई, उठायचं काम न्हाई. देवाच्या दयेनं आपल्याला काही कमी न्हाई." मी पायाशी उभी होते. सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी जे केलं ते मी पुन्हाही करीन, पण त्या क्षणी मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

खुर्चीत ते फार दिवस बसले नाहीत. पोरं यायची, दारातून नमस्कार करायची, हळू आवाजात बोलायची आणि जायची. कुणी प्रश्न विचारेना, कुणी गोंगाट करेना. शिपाई त्यांच्यासमोर तंबाखूसुद्धा मळेना. एका सकाळी मी पाणी भरायला उठले तर शेजारची खोली रिकामी. आई म्हणाली, "पेटी घेऊन स्टँडकडं गेलेत आत्ताच. मला नमस्कार करून गेलेत."

मी तशीच पळाले. निलंग्याची गाडी लागलेली होती. सर खिडकीपाशी, पेटी मांडीवर. सकाळ असूनही उजवी पापणी अर्ध्यावर आलेली, दवाखान्यानंतर ती पूर्वीइतकी उघडायचीच नाही.

"कुठं निघालात?"

"निलंग्याच्या पुढं, पार हद्दीला एक शाळा आहे. सकाळची भरते. विज्ञानाला मास्तर मिळेना त्यांना."

"तिथं संध्याकाळी लोक बघतीलच की. काय सांगाल?"

त्यांनी खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. मग म्हणाले, "पितो म्हणून सांगीन."

मला राग आला, रडू आलं, काय काय आलं. "आणि श्वास अडकला तर? तिथं कोण ओरडणार?" गजातून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि हात लगेच दमून खाली आला.

कंडक्टर तिकिटं देत दारापर्यंत आला होता. त्यानं सरांकडं नीट निरखून पाहिलं, पापणीकडं, लोंबणाऱ्या हाताकडं, आणि खाली उतरून मला बाजूला घेतलं. "बाई, तुमचे पाव्हणे का? सक्काळी सक्काळी लावून आलेत जनू. गाडीत काही केलं तर उतरवून देईन बरं, आधीच सांगतो."

सर खिडकीतून माझ्याकडं बघत होते. मी डोळे पुसले.

"हाव," मी म्हटलं, "पितात थोडी. पण माणूस लई चांगला आहे. कुणाला तरास देणार नाहीत. उतरवू नका." आणि पुढं म्हटलं, "फक्त त्यांना धाप लागली तर गाडी आधी दवाखान्यात घ्या."

"पिणाऱ्याला कशाला धाप लागतीय, बाई?"

"यांना लागते," मी म्हटलं. कंडक्टरनं मान हलवली, वर चढून दार ओढून घेतलं आणि घंटी वाजवली.